दारांचे फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझा रंग उडालाय, बटण दोनदा दाबावं लागतं, पण एक गुण अजून शाबूत आहे. फोटो काढला की तो नेमका कुठे काढला, हेही मी त्यात नोंदवून ठेवतो.

माझी मालकीण टपाल वाटते. सगळे तिला ताई म्हणतात. तिचा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करतो आणि चाकांच्या खुर्चीवरून फिरतो. एकदा चष्म्याच्या दुकानासमोर तीन पायऱ्या आडव्या आल्या आणि दादा बाहेरूनच परतला. घरी येऊन एवढंच म्हणाला, "आधी कळलं असतं तर निघालोच नसतो."

दुसऱ्या दिवसापासून मी टपालाच्या पिशवीत. दवाखाना, बँक, न्हाव्याचं दुकान; जिथे पत्र, तिथे मी. कुठे पायरी, कुठे उतार, कुठे मागचं दार, सगळं टिपलं. चार वर्षांत हजारभर दारं झाली. ताई ते फोटो एका कंपनीच्या ॲपवर चढवायची. नकाशावर टिंब उमटायचं, लोक वाहवा करायचे. मीही जरा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मग एके सकाळी कंपनीने नियम बदलले. फोटो राहिले, पण ते कुठले हे दिसेनासं झालं, खुद्द ताईलासुद्धा. तिने दोनदा विचारणा केली. उत्तर आलं की फोटो तुमचे, पण नकाशा आमचा. ताई म्हणाली, "दादा, पत्ता नसलेलं पत्र मी कुणाच्या दारात टाकू?"

नशीब, ताईने माझं एकही मेमरी कार्ड पुसलं नव्हतं. फोटोंनी भरलं की ते, जागेच्या नोंदींसकट, बिस्किटांच्या डब्यात जायचं. वाचनालयातल्या बाईंनी दोघांना दुसरा एक नकाशा दाखवला. तो लोकच मिळून चालवतात. कुणीही पाहावा, चूक सुधारावी, हवी तर प्रत घ्यावी. दादा तीन महिने रोज दुपारी एकेक दार तिथे लावत बसला. राहत्या घरांचे फोटो मात्र त्याने वगळले. सगळ्यांसाठी खुलं म्हणजे कुणाच्याही घरात डोकावणं नव्हे, असं त्याचं म्हणणं.

आणि एक दिवस नकाशावर आम्ही न लावलेलं टिंब दिसलं. पोहण्याच्या तलावाचा फोटो होता. वाकडा, धूसर, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. इतका वाईट फोटो मी जन्मात काढला नसता. पण त्यात थेट पाण्यात जाणारा उतार स्पष्ट दिसत होता. पुढच्या रविवारी दादा कुणाला न सांगता बाहेर पडला. परतला तेव्हा त्याचे केस ओले होते, आणि तो शीळ घालत होता.

आता ताई मला क्वचितच बाहेर नेते. माझी तक्रार नाही. नवी दारं आता अनोळखी हात टिपतात.

फक्त एक मागणं आहे, मित्रांनो. आपल्या फोटोंची एक प्रत घरी जपा. आणि ते कुणाच्या हवाली करण्याआधी एवढं विचारून घ्या: परत मागितले, तर जसेच्या तसे द्याल ना?