ऑगडनची जागा

देवदत्तने फोनवर ‘ड्रॉप’ दाबलं आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. ऑगडन टीमबाहेर गेला. त्याच्या जागी एक तरणाबांड रिसीव्हर आला. त्याच्याकडे पास भरपूर येत होते आणि त्याच्या हातून सहसा सुटत नव्हते.

टीम मात्र त्याच्या लेकीची, केयाची होती; त्याची स्वतःची टीम वेगळी. अमेरिकेत मॉरिसव्हिलमधल्या चार मराठी घरांची ही अमेरिकन फुटबॉलची फॅन्टसी लीग. खरे खेळाडू मैदानावर धावायचे, चेंडू झेलायचे आणि त्याचे गुण इकडे सोफ्यावर लोळणाऱ्यांच्या टीमला मिळायचे. केया दूर कॉलेजला गेली तरी तिची लीग सुटली नव्हती. परीक्षा आली तेव्हा तिने विनवलं होतं, “बाबा, या वीकेंडला माझी टीम तू सांभाळ ना, प्लीज.”

देवदत्तला कोण आनंद झाला! लेकीने आपणहून काही मागितल्याला बरेच दिवस झाले होते. ऑफिसात दिवसभर डेटा चिवडणारा माणूस तो. त्याने सगळ्या रिसीव्हरांची क्रमवारीच लावली. कुणाकडे किती पास येतात, तो किती झेलतो, चेंडू घेऊन किती यार्ड पळतो. ऑगडन पार तळाला. केया दर सीझनला या थकलेल्या गड्याला का घेते, हे विचारायचं त्याला कधी सुचलंच नाही.

रविवारी केयाची टीम दणक्यात जिंकली. देवदत्तने लगेच फोन लावला.

“बघितलंस? नव्या रिसीव्हरने कमाल केली!”

“हो, गुड पिकअप, बाबा. ऑगडन कुठाय?”

“सोडला त्याला. स्टॅट्स बघ ना त्याचे, काही दम राहिला नाही. अंकुरकाकाने उचलला.”

“ओके. इट्स फाइन. आता टीम तूच बघत जा.”

फोन ठेवला तेव्हा त्याची बायको हिमानी त्याच्याकडेच बघत होती.

“ऑगडनला सोडलंस? अरे, ती तिसरीत असताना तू तिला शार्लटला मॅचला नेलं होतंस ना? त्याने कॅच घेतला आणि तू तिला खांद्यावर घेऊन नाचलास. अजून सांगते ती.”

देवदत्तला ती मॅच आठवत होती. पार्किंगसाठी किती फिरावं लागलं, तेही आठवत होतं. कॅच तेवढा आठवत नव्हता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्या आठवड्यात केयाचा फोन आला नाही. शेवटी त्याने लीगमधल्या अंकुरला गाठलं.

“ऑगडन मला दे. माझ्या टीममधला सगळ्यात भारी रिसीव्हर घे.”

“बरा आहेस ना, यार? त्याचा गुडघा गेलाय. या रविवारी तो खेळणारच नाहीये.”

“माहितेय मला.”

रविवारी देवदत्तने ऑगडनला स्वतःच्या टीममध्ये घेऊन खेळवलं. ऑगडनच्या नावापुढे दुपारभर शून्य राहिलं आणि देवदत्त सपशेल हरला. हिमानी दुसरा चहा ठेवत होती, तेवढ्यात केयाचा मेसेज आला.

“बाबा! ही इज इंजर्ड! तू चेक नाही केलंस?”

देवदत्तने बरंच काही लिहिलं आणि सगळं खोडलं. मग एवढंच पाठवलं, “राहून गेलं बघ.”

केयाचं उत्तर आलं.

“माझी टीम मी बघते नेक्स्ट वीकपासून. आणि डोन्ट ड्रॉप हिम, ओके?”

“ओके,” त्याने लिहिलं. मग फोन उपडा ठेवून, डोळे मिटून तो कॅच आठवायचा त्याने पुन्हा प्रयत्न केला. पार्किंगच आठवत राहिलं.