लाल पट्टीची पिशवी

मित्रांनो, दाराजवळच्या खुंटीवर छत्र्यांच्या शेजारी लटकलेली मी एक जुनी निळी पिशवी आहे. अंगावर एक लाल पट्टी आहे, तिच्याखाली कात्रीचा वण. रूप म्हणाल तर यथातथाच. पण देवानं माझ्या पदरात जे काम टाकलं, ते ऐकाल तर तुम्हीही हात जोडाल.

माझा जन्म एका लहान मुलीसाठी झाला. ती सतत मीठ मागायची. बरणीत बोट घालून मीठ चाटायची, म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं खारूताई. घरात सगळे हसायचे. पुढे पोर काळवंडू लागली, वाळू लागली, जिना चढताना मध्येच बसू लागली. तेव्हा आईनं डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं आणि हसत हसत मिठाचंही सांगितलं. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत.

"शरीरात एक राखणदार असतो," त्या म्हणाल्या. "रोगांना तो आत येऊ देत नाही. हिच्या राखणदारानं घरच्यांनाच चोर समजून झोडपलंय. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या त्यानं निकामी केल्यात. त्यांतून जो रस पाझरतो, त्याच्यावाचून माणूस साधा तापही सोसू शकत नाही. फार थोड्या मुलांना होतं हे."

रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. खारूताई पुन्हा पळू लागली. पण उलट्या झाल्या, गोळी पोटात टिकली नाही, तर तिला ताबडतोब इंजेक्शन द्यायचं आणि मग दवाखाना गाठायचा, असं बजावलं गेलं. ते औषध सदैव तिच्यासोबत हवं होतं. त्यासाठी मी!

आजोबा शिंपी. आईचे वडील. जन्मभर लोकांचे कोट शिवलेल्या त्या हातांनी मला शिवलं. दुहेरी कापड, आत कापसाचा थर, बाहेर घट्ट काजांची बटणं आणि वर नाडीची त्यांची खास गाठ. टाका घालताना ओठांवर देवाचं नाव.

"आता ही डोंगरावरून गडगडली तरी बाटली फुटायची नाही," ते म्हणाले.

आई औषध बदलायला मला उघडायची, तेव्हा तिची नखं दुखायची. "बाबा, तिजोरी शिवलीत की पिशवी?"

"नाजूक जिन्नस आहे, पोरी. सैल बांधून कसं चालेल?"

म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून ती गाठ तशीच राहू देई. मीही गाठ मिरवत शाळेत जायची. मला वाटे, जितकी घट्ट, तितकी माया मोठी.

एके दिवशी चित्रकलेच्या तासाला खारूताईला उलटी झाली. पुन्हा झाली. ती पांढरीफटक पडून बाकावर कलंडली. वर्गाच्या बाईंना आईनं संत्र्यावर सुई टोचून इंजेक्शन शिकवलं होतं. बाईंनी झडप घालून मला उचललं. पहिलं बटण सुटलं. दुसरं सुटेना. गाठ तर हलेनाच. बाईंनी दात लावले.

"बाळा, डोळे उघड! माझ्याकडे बघ!" बाई गाठ ओढत ओरडल्या. औषध माझ्या पोटात, पोर माझ्यासमोर, आणि मीच वाट अडवून बसलेली. त्या वेळी मी देवाला म्हटलं, मला फाड, पण हिला तार.

एका मुलीनं कागद कापायची कात्री पुढे केली. बाईंनी मला उभी चिरली. मित्रांनो, त्या कात्रीइतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नाही. बाटलीतली पूड पाण्यात मिसळली, सुई मांडीत गेली, रुग्णवाहिका आली. संध्याकाळी दवाखान्याच्या खाटेवर खारूताईनं विचारलं, "खायला काही खारट आहे का?" आई हसली आणि मग तिला रडू आवरेना.

आजोबांनी मला मांडीवर घेतलं. चिरलेल्या कापडावरून बोट फिरवलं. "माझ्याच गाठीनं..."

खारूताई म्हणाली, "आजोबा, तुमची गाठ नाहीच सुटली शेवटपर्यंत. बाई हरल्या!"

"हरू दे गं माझी गाठ," म्हातारा डोळे पुसत म्हणाला. "शंभरदा हरू दे."

आई नवी पिशवी आणणार होती. आजोबा ऐकेनात. बटणं गेली, नाडी गेली. चिरेवर त्यांनी ही दाबली की चिकटणारी लाल पट्टी बसवली. एक हिसका दिला की चर्रर्र करून मी सताड उघडते. मग सुरू झाली माझी परीक्षा. ओल्या हातांनी उघडा, डाव्या हातानं उघडा, डोळे मिटून उघडा! दारात आलेल्या दूधवाल्यालाही सुटका नव्हती. टोचायच्या सुईला घाबरणारे आजोबा स्वतः इंजेक्शन द्यायला शिकले. त्या दिवसांत घरातल्या एकाही संत्र्याची साल धड नव्हती.

आता खारूताई कॉलेजात जाते. माझा रंग उडालाय. मैत्रिणी तिला चिडवतात, "अगं, ही गोधडी टाक की आता!" मध्यंतरी तीही लाजून मला खुंटीवरच ठेवून निघायची. तेव्हा आजोबा काठी टेकत, धापा टाकत फाटकापर्यंत मला घेऊन जायचे. रागवायचे नाहीत, नुसती पुढे धरायचे. एकदा त्यांना धाप लागलेली पाहून ती जी खजील झाली, ती आजतागायत मला विसरली नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणाजवळ माझ्यासारखी पिशवी असेल, तर तिला हसू नका, लपवू नका. ती कुठे ठेवतात, कशी उघडतात, तेवढं विचारून घ्या. माया करा, भरपूर करा. पण अशी करा, की वेळेला कुणाच्याही हाताला ती उघडता यावी.

आजोबांना हल्ली नीट दिसत नाही. सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणून रोज निघताना खारूताई त्यांच्या कानाजवळ मला धरते आणि पट्टी ओढते. चर्रर्र!

"उघडते हो, आजोबा."

"देव करो," ते म्हणतात, "आणि उघडायची वेळ न येवो."