ड्रायव्हर मानेने बघतो

मित्रांनो, माझ्याकडे कुणी बघत नाही. सगळे माझ्यातून बघतात. तक्रार म्हणून सांगत नाही, माझे कामच ते आहे. मी एक जुना वेबकॅम आहे. अंगाने काळा, साबणाच्या अर्ध्या वडीएवढा, मध्ये एकच डोळा आणि पडद्याची कड धरून बसायला खाली एक चिमटा. मुंबईत नाहूरला परबांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, संगणकाच्या माथ्यावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. डोळा उघडताच मला काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक कागद दाखवला गेला. चौकटी मला स्वच्छ दिसल्या म्हणून मी पास झालो. माझ्या शेजारच्याला त्या अंधूक दिसल्या, तर त्याला उचलून बाजूच्या टोपलीत टाकले. पहिल्याच दिवशी मी मनात ठरवले, आपण आयुष्यभर नीट बघायचे.

टाळेबंदीच्या साली मी नाहूरला आलो. घरची सून तेजल सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करते. तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात ती धुक्यात बसल्यासारखी दिसे. मी आलो आणि पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणाले, "तेजल, आज तुझा चेहरा दिसतोय यार! झकास!" माझी छाती फुगली. तेजलच्या सासूबाई, विमलाबाई, माझ्यामुळेच कणकवलीच्या बारशाला घरबसल्या नथ घालून हजर राहिल्या. तिकडून सगळे ओरडले, "मामी, काय छान दिसतंस गो!" ते कौतुक अर्धे माझे होते, असे मी आजही मानतो.

मग ऑफिसे उघडली. तेजलला नवा लॅपटॉप मिळाला आणि त्याचा कॅमेरा माझ्याहून तरुण होता. माझ्या डोळ्यावर चिकटपट्टीचा तुकडा बसला आणि मी बिस्किटांच्या डब्यात गेलो. आत जुने चार्जर होते आणि गुंता झालेल्या वायरी. तीन वर्षे मी काही पाहिले नाही. त्या काळात घरात काय झाले, ते मला नंतर ऐकून कळले.

विमलाबाईंचे यजमान जयवंतराव हे निवृत्त बस ड्रायव्हर. एकतीस वर्षे त्यांनी शहराची बस चालवली आणि एकदाही कुणाला खरचटू दिले नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते स्टुलावरून पडले. मानेला मार लागला. दीड महिना गळ्यात पट्टा होता. पट्टा सुटला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हाड शाबूत आहे. आता मान हलवा, नाहीतर अशीच राहील." पण जयवंतरावांची मान हलेना. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त बसली होती. आठवड्यातून एकदा श्वेता नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येई आणि व्यायाम शिकवून जाई. तिची पाठ वळली की जयवंतराव खुर्चीत बसल्या बसल्या ओरडत, "झाले गं माझे दहा!" एकही झालेला नसे.

आणि एके दिवशी तो प्रसंग घडला. विमलाबाईंबरोबर भाजी घेऊन परतताना ते रस्ता ओलांडत होते. उजवीकडून एक मोटारसायकल भरधाव आली. मान वळली नाही, म्हणून ती त्यांना दिसलीच नाही. विमलाबाईंनी दंडाला धरून मागे खेचले म्हणून वाचले. टोमॅटो रस्ताभर झाले. ज्या माणसाने एकतीस वर्षे हजारो माणसांना रस्त्यावरून सुखरूप नेले, तो त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बायकोचा हात घट्ट धरून उभा राहिला. त्यानंतर जयवंतरावांनी बिल्डिंगचे फाटक ओलांडले नाही. दूध, पेपर, औषध, सगळे दुसऱ्यांनी आणायचे. ते खिडकीपाशी बसून राहत, आणि खिडकीतूनही फक्त समोरचेच बघत.

त्यांचा मुलगा सुयोग याला गाड्यांच्या खेळांचा नाद. त्याने टेबलाला लावायचे स्टिअरिंग आणि खाली ठेवायचे पेडल घरात आणले होते. एका रविवारी त्याने वडिलांना बळेच समोर बसवले आणि बस चालवायचा खेळ लावला. जयवंतरावांचे हात स्टिअरिंगवर पडले आणि त्यांचा चेहराच बदलला. खेळातल्या परदेशी शांत रस्त्यावर त्यांनी पहिल्या मिनिटात सात वेळा हॉर्न वाजवला. पण स्टॉपवरून गाडी बाहेर काढायची वेळ आली आणि ते थांबले.

"अरे, उजवो आरसो खंय?"

"बाबा, हे बटण दाबा, बाजूचं दिसेल."

"बटण?" जयवंतराव चिडले. "ड्रायव्हर बटणाने बघतो काय रे? ड्रायव्हर मानेने बघतो! मान वळली की रस्ता वळला पाहिजे. नाहीतर ही बस नाही, फोटो आहे!" आणि ते उठून गेले.

तेजल दारात उभी होती. सासऱ्यांच्या तोंडून 'मान वळली पाहिजे' हे शब्द तिने तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकले होते. ती सुयोगला म्हणाली, "ऐकलंस ना? त्यांना मान वळवायचीय. आपण वळणारा रस्ता शोधू."

मग शोध सुरू झाला. सुयोगने मित्राकडून डोळ्यांवर बांधायचा मोठा चष्मा आणला. त्यात चारी बाजूंना खरोखर बसच दिसे. पण जयवंतरावांना दोन मिनिटांत गरगरले आणि श्वेताने बजावले, "या मानेवर एवढं वजन नको." मग डोके कुठे वळले हे संगणकाला कळवणारी, टोपीला लावायची तीन दिव्यांची क्लिप आली. ती छान चालली; पण दुपारी खिडकीतून ऊन आले की तिचा गोंधळ उडे आणि बस सरळ जात असताना जयवंतरावांना आकाश दिसे. विमलाबाई म्हणाल्या, "हे विमानात बसलेत की बशीत?" मग मोबाइल समोर उभा केला. तो चेहरा ओळखून खेळातली नजर फिरवी, पण ऐन वळणावर गावाहून नातेवाइकांचे फोन येत आणि रस्ता जागीच थिजे.

तेव्हा तेजलला मी आठवलो.

डब्याचे झाकण उघडले, चिकटपट्टी निघाली आणि तीन वर्षांनी माझ्या डोळ्यात उजेड आला. तेजलने फुंकर मारून, मऊ फडक्याने मला पुसले. संगणकात तिने एक प्रोग्राम बसवला होता. समोरच्या माणसाची मान किती वळली हे मी दाखवायचे आणि खेळातली नजर किती वळवायची हे त्या प्रोग्रामने ठरवायचे. जयवंतराव समोर बसले. त्यांनी जराशी मान उजवीकडे नेली आणि पडद्यावरची अख्खी बस त्यांच्याभोवती फिरली.

"आरसो आयलो!" ते ओरडले. "विमल, आरसो आयलो गो!"

मित्रांनो, तो रस्ता मी आजवर पाहिलेला नाही. पडदा माझ्या पायाखाली असतो आणि माझे तोंड माणसाकडे. पण सिग्नल लाल आहे की हिरवा, हे मला जयवंतरावांच्या भुवयांवरून कळते. रस्ता मोकळा मिळाला की ते ओठ न हलवता गुणगुणतात. कुणी आडवे आले की त्यांच्या तोंडून असे शब्द निघतात की ते मी इथे सांगू शकत नाही. असा चेहरा मी कुठल्याही मीटिंगमध्ये पाहिला नव्हता.

पुढच्या भेटीत श्वेता आली, तेव्हा तेजलने तिला पडद्यावरचे आकडे दाखवले.

"उजवीकडे बारा अंश," श्वेता म्हणाली. "बस्स? एवढ्यात त्यांना आरसा दिसतो?"

"मी तसंच ठेवलंय, थोडं वळलं की जास्त दिसेल असं. पण दर आठवड्याला मी ते एक कणभर कमी केलं तर? त्यांना आरसा बघायला प्रत्येक वेळी थोडी जास्त मान वळवावी लागेल."

श्वेताने मान डोलावली. "चालेल. पण अगदी हळूहळू. दुखलं तर तिथेच थांबायचं. आणि त्यांना सांगू नकोस, नाहीतर घाबरून मान पुन्हा आखडून घेतील."

झाले! त्या दिवसापासून मी एका गोड कटात सामील झालो. दर सोमवारी सकाळी तेजल खेळातली नजर जराशी कमी वळेल असे करी, म्हणजे मान जास्त वळवावी लागे. बारा अंशांचे पंधरा झाले, पंधराचे एकोणीस. जयवंतराव रोज नाश्ता झाला की 'ड्यूटी'वर बसत. आधी अर्धा तास, मग एक तास. दुखते का, असे तेजल रोज विचारी. "कुठं दुखतंय? चल हट, स्टॉप आला," असे उत्तर मिळे. दोन महिन्यांत मानेचा आकडा चाळीस अंशांच्या पुढे गेला.

पण या कटात मार कुणी खाल्ला? मी! जयवंतरावांना वाटू लागले की मी सुस्त झालो आहे.

"पूर्वी जरा वळलं की आरसा यायचा. आता अख्खी मान फिरवली तरी हा ढिम्म! डोळ्यात मोतीबिंदू झालाय काय याच्या?" असे म्हणून ते मला बोटाने टकटक मारीत. मी माझे काम चोख करत होतो, पण बोलणार कसा? विमलाबाई पदराने हसू लपवीत आणि तेजल निमूटपणे खालमानेने बसून राही.

एका रविवारी सोसायटीत निरोप आला, की जुने इलेक्ट्रॉनिक सामान गोळा करणारा टेम्पो समोरच्या फुटपाथपाशी उभा आहे, बारा वाजता निघेल. बारा वाजायला पाच मिनिटे होती. सुयोग बाहेर गेला होता. तेजल आणि विमलाबाई गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. जयवंतराव नुकतेच एका वळणावर चुकून खांबाला धडकले होते आणि त्यांचा पारा चढला होता. त्यांनी मला वायरीसकट उपटले, एका कापडी पिशवीत टाकले आणि पायात चपला सरकवल्या.

पिशवीच्या तोंडातून मला वरचे आकाश आणि त्यांची हनुवटी दिसत होती. जिने उतरलो. फाटक आले. जयवंतराव थांबले नाहीत. डोक्यात राग होता आणि टेम्पो सुटेल अशी घाई होती. रस्त्याच्या कडेला मात्र एकतीस वर्षांची सवय जागी झाली. मी वर पाहत होतो. हनुवटी उजवीकडे गेली, पार खांद्यापर्यंत. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे. एक रिक्षा गेल्याचे ऐकू आले, मग एक ट्रक. त्यांनी हात वर केला, एक स्कूटर करकचून थांबली आणि त्यांनी ताठ चालीने रस्ता पार केला.

मित्रांनो, मला फेकायला निघालेल्या माणसाचा मला त्या क्षणी एवढा अभिमान वाटला की माझे काय होणार, हे मी विसरूनच गेलो.

"बाबा! थांबा, बाबा!" गच्चीवरून हाक आली. तेजलने वरून सगळे पाहिले होते. ती चार मजले धावत उतरली, पापडाचे पीठ हाताला तसेच. तिच्या मागून विमलाबाई फाटकापर्यंत आल्या आणि तोंडावर हात ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"अगं, काय झालं? बिघडलेला कॅमेरा देतोय," जयवंतराव म्हणाले. "एवढी काय धावतेस?"

"बाबा, तुम्ही कुठे उभे आहात?"

"कुठे म्हणजे? इथे, टेम्पोपाशी."

"आणि घर कुठे आहे?"

जयवंतरावांनी मागे वळून पाहिले. नुसत्या मानेनेच. मधे तो रस्ता होता. पलीकडे फाटकात विमलाबाई होत्या. "हा रस्ता मी ओलांडला?" ते म्हणाले.

तेजलने मग सगळे सांगून टाकले, सोमवारचे आकडे, श्वेताचा सल्ला, सगळे. "कॅमेरा बिघडलेला नाही, बाबा. तुमची मान सुधारली. रागवा माझ्यावर, पण त्याला नका देऊ."

"म्हणजे दोन महिने तू मला फसवलंस?"

"हो."

"आणि शिव्या मी याला घातल्या?"

"हो, बाबा."

जयवंतरावांनी पिशवीत हात घातला, मला बाहेर काढले आणि प्रथमच माझ्यातून नव्हे, माझ्याकडे पाहिले. सदऱ्याच्या टोकाने माझा डोळा पुसला. मग ते इतक्या मोठ्याने हसले की टेम्पोवालाही हसू लागला. "सून माझी आरटीओ इन्स्पेक्टर निघाली!" असे म्हणून त्यांनी मला खिशात ठेवले. परतताना तेजलने हात पुढे केला तर म्हणाले, "सोड. उजवीकडे मी बघतो, तू डावीकडे बघ."

पलीकडे विमलाबाई रडत होत्या आणि रागावतही होत्या. "सांगून जावचा नाय काय ओ? जीव गेलो माजो!"

आता जयवंतराव दूध स्वतः आणतात आणि वाटेत चार जणांना रस्ता कसा ओलांडावा हे शिकवतात. माझी बाजू घेऊन ते इतरांशी भांडतातही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरच्या डब्यात, खणात, माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल, तर टाकून देण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यावरची पट्टी काढून बघा. आपल्याला वाटते त्याहून वेगळे काम त्याच्या नशिबी असू शकते. आणि एखादी वस्तू नीट चालत नाही असे वाटले, तर तिला टपली मारण्याआधी विचारा, नक्की कोण सुधारतेय आणि कोण बिघडतेय.

आता मला थांबले पाहिजे. समोर आज नवा चेहरा बसला आहे. ड्रायव्हरची बायको म्हणून एकतीस वर्षे लेडीज सीटवर बसून प्रवास केलेल्या विमलाबाईंनी आयुष्यात प्रथमच स्टिअरिंग हातात धरले आहे. जयवंतराव मागे उभे राहून कंडक्टरच्या घंटीसारखे जिभेने टिंगटिंग करत आहेत. विमलाबाईंनी पदर खोचला आहे, दातांत ओठ धरला आहे, आणि मान वळवून त्या उजव्या आरशात बघत आहेत. गाडी सुटली आहे.