परदेशी गेला होता का?

घरातले सगळे फॉर्म ताईनेच भरायचे, हा कायदाच होता. व्हिसाचा असो, विजेच्या मीटरचा असो, बारक्याने नुसती सही ठोकायची. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, फरशीची दोन-दोन खोकी एका दमात जिना चढवणारा. पण घरात धाकटा म्हणून बारक्या तो बारक्याच. तो लोकांच्या बाथरूममध्ये फरश्या बसवायचा, ती कपडे उसवून मापात करून देणाऱ्या दुकानात मशीनवर बसायची. परक्या देशात दोन खोल्यांचं भाड्याचं घर दोघं मिळून चालवत होती, त्याला आठ वर्षं झाली होती.

त्या सोमवारी बारक्या कामावरून दुपारीच आला आणि बुटांसकट पलंगावर आडवा झाला. दात असे वाजत होते की ताईला स्वयंपाकघरात ऐकू आले. तिने होती नव्हती ती पांघरुणं त्याच्या अंगावर घातली, वरून स्वतःचा कोट टाकला, तरी हा आपला हुडहुडतोयच. तासाभराने तीच पांघरुणं लाथाडून त्याने घामाने गादी भिजवली.

ताईने त्याला तसाच उठवून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेला. काउंटरवर फॉर्म मिळाला. तिने उभ्या उभ्या टकाटक खुणा केल्या. साखर? नाही. दमा? नाही. गेल्या तीन महिन्यांत परदेशी गेला होता का? नाही. डॉक्टरने फॉर्मवर नजर फिरवली, घसा बघितला, फ्लूची साथ आहे म्हणाला आणि तापाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

मंगळवारी गडी ठणठणीत. "बघ, उगाच नाटकं!" असं म्हणत ताईने हातात डबा देऊन त्याला कामावर पिटाळलं. बुधवारी दुपारी पुन्हा तोच प्रकार. गुरुवारी जरा कणकण होती. शुक्रवारी सकाळी मात्र बारक्या उठेचना. हलवून हलवून डोळे उघडायला लावले, तर ते हळद फासल्यासारखे पिवळे, आणि समोर बसलेल्या सख्ख्या बहिणीला तो म्हणतो, "काकू, ताईला बोलवा ना."

ताईने तडक अॅम्ब्युलन्स बोलावली.

मोठ्या हॉस्पिटलात पुन्हा एक फॉर्म. या वेळीही खुणा त्याच. परदेशी गेला होता का? नाही. मग त्यांनी बारक्याच्या छातीचा फोटो काढला, डोक्याचा काढला, मणक्यात सुई घालून पाणी काढलं. दुपारी एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"कशामुळे होतंय ते कळत नाहीये," ती म्हणाली. "किडन्याही नीट काम करत नाहीयेत. त्याचं आणखी कोण आहे?"

"आई आहे. लांब असते."

"त्यांना कळवून ठेवा."

कळवून ठेवा! काय कळवायचं? तुमचा मुलगा मला ओळखत नाही म्हणून? तिथल्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला पाठ लावून तिने फोन लावला. पण हिने तोंड उघडायच्या आत आईचंच सुरू झालं.

"अगं, आता डोळ्याला मस्त दिसतंय बघ. फक्त थेंब घालायचा कंटाळा. आणि ऐकलंस का, शेजारच्या वहिनींना अॅडमिट केलंय. मलेरिया! निम्म्या गल्लीला झालाय. तुम्ही दोघं आला होतात तेव्हाही कसले डास होते, आणि आपला शहाणा गच्चीवर उघडाबंब झोपायचा. बरा आहे ना गं तो?"

"ठेवते, आई," म्हणून ताई पळत सुटली. डॉक्टरणीची बाहीच धरली तिने.

"मलेरिया! मलेरियासाठी रक्त बघा त्याचं!"

"इथे मलेरिया कुठला? आणि परदेशी गेला नव्हता असं तुम्हीच लिहिलंय."

"नव्हताच गेला! घरी गेला होता. गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, तीन आठवडे आम्ही दोघं घरी..."

"घर कुठे तुमचं?"

ताईने सांगितलं. डॉक्टरीण तशीच धावली. चालली नाही, धावली. इतका वेळ ताई घाबरलेली होतीच, पण डॉक्टर माणसाला असं पळताना बघून तिची पाचावर धारण बसली.

अर्ध्या तासात निदान झालं. मलेरियाच, आणि मेंदूपर्यंत पोचलेला. शिरेतून औषध चालू केलं. "उद्यापर्यंत शुद्धीवर आला तर बरं," डॉक्टरीण म्हणाली. "सोमवारीच कळलं असतं तर..." त्यांनी ताईचंही रक्त काढून नेलं, त्याचं काय निघतंय हे विचारायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

खुर्चीत बसून ती स्वतःला शिव्या घालत होती. शहाणी मोठी! सगळ्यांचे फॉर्म भरणारी! पेनाच्या एका रेघेने भावाचे चार दिवस खाल्लेस, बाई. हा गेला तर आईला काय सांगशील? शिलाई मशीनच्या सुईगत वरखाली पळणारा मॉनिटरचा ठिपका ती टक लावून बघत होती, जणू नजर हलली तर तो थांबेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारक्याने मान वळवली.

"ताई, पाणी."

'ताई' म्हणाला! तिने चमच्याने त्याचे ओठ ओले केले. नर्सला बोलवायचं सोडून तिच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर पडलं.

"बारक्या, माझ्यामुळे झालं रे हे. फॉर्मवर विचारलं होतं, परदेशी गेला होता का. मी नाही म्हणून खूण केली. दोन-दोनदा केली. मरता मरता वाचलास माझ्यापायी."

बोलायला बारक्याला कष्ट पडत होते.

"मग बरोबरच लिहिलंस की," तो म्हणाला. "आपण कुठे गेलो होतो परदेशी?"

ताई त्याचा हात गच्च धरून हमसाहमशी रडायला लागली आणि तशीच रडत रडत नर्सला हाका मारत राहिली.