बाबांच्या सुरातली फट

दादा माझ्या दुकानात आला की आधी खुर्ची पुसतो. रोज सकाळी मीच पुसते ती, तरी हा पुसणार. त्या दिवशी खुर्ची पुसून, बसून, त्याने एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"बाबांचं शेवटचं वादन आहे. माझ्या कॉम्प्युटरवर चांगला प्लेअर टाकून दे. सलग वाजलं पाहिजे. सलग म्हणजे काय ते कळतं ना तुला?"

पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय मी. पण दादाच्या लेखी मी अजून नऊ वर्षांची आहे. नऊ वर्षांची असताना बाबांनी माझ्या हातातून व्हायोलिनचा गज काढून घेतला होता, कारण अठरा वर्षांचा दादा त्यांना म्हणाला, "हिला कान नाहीये. कशाला वेळ घालवताय?" तेव्हापासून आमच्या घरात कान एकट्या दादाला. आता तो संगीत विद्यालयाचा मुख्य परीक्षक आहे. त्याने मान हलवली तर पोरं पास, नाही तर गेली बाराच्या भावात.

गेल्या महिन्यात त्याने माझ्या लेकीलाच घालवली. बारकी म्हणतो आम्ही तिला. अकरा वर्षं शिकली बिचारी, आणि शेवटच्या परीक्षेत मामाने सगळ्यांसमोर सांगितलं, "हिचे वरचे सूर निघतच नाहीत. गज नुसता फिरतो. सोड म्हणावं नाद." बारकीने व्हायोलिन पेटीत घातलं, पेटी कपाटावर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात लोकांचे कीबोर्ड साफ करायला बसली. दादा म्हणतोय म्हणजे असेलच, असं म्हणून मी गप्प बसले.

तर बाबांचं वादन. दोन भागांच्या दोन फाइली होत्या. पहिला भाग संपताना बाबा अगदी वर जाऊन एक बारीक, हलका सूर धरतात, आणि तो न सोडता त्याच्यावरूनच दुसऱ्या भागात उतरतात. ज्या कोणी शहाण्याने फाइली केल्या होत्या त्याने नेमका त्या सुराच्या मधोमध सुरा चालवला होता. साधा प्लेअर तिथे थांबायचा, श्वास घ्यायचा आणि मग पुढची फाइल उघडायचा. पापणी लवेल एवढी फट, पण लागायची मनाला.

"सहा सेकंदांची फट आहे," दादा म्हणाला.

"सहा? मला तर अगदी एवढीशी वाटली."

"तुला वाटणारच."

मी दुसरा प्लेअर टाकला. हा पहिली फाइल संपायच्या आधीच दुसरी वाचून तयार ठेवतो. मी ऐकलं, सांधा गायब. दादाने ऐकलं आणि म्हणाला, "तशीच आहे फट." तिसरा टाकला. तो कॉम्प्युटरचे बाकीचे सगळे आवाज बंद करून साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतो. "सूर खातोय मेला," दादा म्हणाला. मी वायर बदलली, स्पीकर बदलले, चौथा प्लेअर टाकला, पाचवा टाकला. त्याचा कॉम्प्युटर दुकानात आणून पंधरा दिवस हाच धंदा. प्रत्येक वेळी मला सूर ऐकू यायचा आणि प्रत्येक वेळी मी स्वतःलाच म्हणायचे, गप गं, तुला कुठे काय कळतं.

शेवटी मी फाइल उघडून स्क्रीनवर त्या सुराची रेघ काढून दाखवली. बारीक होती, पण कुठेही तुटलेली नव्हती.

"दादा, हा बघ सूर."

"मी डोळ्यांनी संगीत ऐकत नाही," असं म्हणून तो तरातरा निघून गेला.

मी बारकीला हाक मारली. म्हटलं, "हे ऐक आणि फट कुठे आहे ते सांग." तिने डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "कुठेच नाहीये. आई गं, काय धरलाय आजोबांनी तो सूर! काटा आला बघ अंगावर."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. दादा हल्ली सगळ्यांवर खेकसतो, "पुटपुटू नका, तोंड उघडून बोला." त्याच्या मनगटावरचं घड्याळ दर तासाला पीं पीं करतं आणि तो ढिम्म असतो. बारीक, वरचे आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. फट त्याच्या कानात होती. आणि अशा कानाने त्याने माझ्या पोरीची अकरा वर्षं पाण्यात घातली होती! डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू.

चांगली बहीण असते तर हाताला धरून त्याला डॉक्टरकडे नेलं असतं. मी नाही नेलं. मी फोन केला आणि साखरेसारखी गोड बोलले, "दादा, तुझंच खरं. एकही प्लेअर धड नाही. तू सगळ्यांना बोलावून दाखवच, ही सॉफ्टवेअरं संगीताची कशी वाट लावतात ते." स्वारी फुलली. रविवारी सकाळी त्याच्या घरी, असं ठरलं.

बारकीला म्हटलं, "व्हायोलिन घे. मामाच्या पाठीमागे उभी राहा. मी मान हलवली की तोच सूर धरायचा."

"आई, नको ना."

"बहिऱ्याने नापास केलंय तुला! चल मुकाट्याने."

हॉलमध्ये पंधरा विद्यार्थी आणि दोन शिक्षक. दादा खुर्चीत, तोंड त्यांच्याकडे. मी बाबांचं वादन लावलं. तो सूर आला, सांध्यावरून पाण्यासारखा पुढे गेला, आणि तो वाजत असतानाच दादाने हात वर केला. "ऐकलंत? कापला!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुढे बसलेल्या एका मुलीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"कापला की नाही?"

"हो सर," सगळे म्हणाले. दोन्ही शिक्षकसुद्धा!

बाबांचं वादन थांबवून मी मान हलवली. बारकीने गज लावला. तिच्या मामाच्या डोक्यामागे हातभर अंतरावर आजोबांचाच सूर उभा राहिला, तसाच हलका, तसाच स्वच्छ. दादा बोलत होता. कान कसा तयार करावा लागतो, त्याला किती वर्षं लागतात, हल्लीच्या पोरांना तेवढा धीर कसा नाही. सूर वाजत होता आणि हा बोलत होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्या डोक्यावरून गजावर खिळलेल्या. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

त्यांच्या नजरा पाहून तो मागे वळला. गज अजून चालत होता. त्याने गजाकडे पाहिलं, तिच्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक.

"वाजवतेयस का गं?" त्याने बारकीला विचारलं. बाबा गेले त्या दिवशीही त्याचा आवाज इतका लहान झाला नव्हता.

माझं उत्तर तयार होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बारकीने गज उचलला.

"नाही मामा. करून बघत होते. निघाला नाही."

दादाने श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला. तो खुर्चीत सरळ झाला आणि पोरांकडे वळून म्हणाला, "बघा, मी काय सांगत होतो! नुसता गज फिरतो हिचा. उगाच नाही नापास केलं."

"हो सर," पोरं म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "अक्कल गहाण टाकलीस का? हातात आला होता तो!"

"त्यांचं तोंड बघवलं नाही मला," ती म्हणाली. पेटी छातीशी धरून थोडं चालली आणि थांबली. "आई, घरी मी रोज तो सूर वाजवायचे. तू पलीकडच्या खोलीत असायचीस. तुला ऐकू यायचा?"

"यायचा."

"स्पष्ट?"

"स्पष्ट."

"मग मामा म्हणाले, हिचा सूर निघत नाही, तेव्हा तू का नाही बोललीस?"

"मला कुठे कान आहे गं," मी म्हटलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

तिने पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे चालायला लागली.