पेशंटनं स्वतःहून सांगायचं नाही

सुश्रुत माझा मामेभाऊ, आणि पक्का नाटक्या. मी रट्टा मारून मारून पाठ करणार आणि हा एका डोळ्यानं क्रिकेट बघत माझ्यापुढे जाणार, याचा मला लहानपणापासून राग. इंटर्नशिप संपवून आम्ही दोघं पीजीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी नेवाशाबाहेर मामाच्या मळ्यातल्या घरी बसलो होतो. चारी बाजूंनी ऊस, त्यामुळे शांतता भरपूर.

उजळणीची आमची रीत ठरलेली. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं डॉक्टर. मेडिसिन, सर्जरी, मानसोपचार, कशातलाही आजार चालेल. पेशंटनं तो मनात धरायचा आणि स्वतःहून काही सांगायचं नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. ओपीडीत येणारी माणसं अशीच वागतात. डॉक्टरनं अचूक निदान केलं की पेशंटनं हसून उठायचं. तोवर खुर्ची सोडायची नाही.

हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी यानं छातीत कळ आणली होती. "मने, खरंच दुखतंय गं," म्हणाला, वर घामही आणला, कुठून कोण जाणे. मी मामीला हाका मारत स्वयंपाकघरापर्यंत धावले, वळून बघते तर हा लोळून हसतोय. दिवसभर सगळ्यांना माझं धावणं करून दाखवत होता. तेव्हाच मी ठरवलं, आता याच्या नाटकाला भुलायचं नाही.

त्या सकाळी चहा अर्धा ठेवूनच तो पेशंटच्या खुर्चीत येऊन बसला. आजार ठरवायला त्याला एरवी वेळ लागतो. आज लागला नाही, हे मला खटकायला हवं होतं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"पोटात दुखतंय."

"कधीपासून?"

"पहाटेपासून."

उलटी एकदा झाली होती. ताप नव्हता. मी पोट दाबून पाहिलं, अगदी मऊ होतं. अपेंडिक्स? त्यानं नकारार्थी मान हलवली. स्वादुपिंड? नाही. मुतखडा? नाही. मी सर्जरीचं पुस्तक डोक्यात मिटलं आणि मेडिसिनचं उघडलं.

बघता बघता त्याच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या. वर बघायला सांगितलं तर कपाळाला आठ्या पडल्या, पापण्या तिथेच राहिल्या. खरं सांगते, मला कौतुक वाटलं. हे सोंग सोपं नाही.

"एकाचे दोन दिसतात का?"

"दोन मन्या दिसतात." आवाज नाकातून येत होता.

"मायस्थेनिया," स्नायू थकवणाऱ्या आजाराचं नाव मी विजयानं घेतलं. तो उठला नाही.

"मने, खरंच..."

"पेशंट डॉक्टरला मने म्हणत नाही," मी त्याला तोडलं. "नियम पाळ."

त्यानं नियम पाळला.

मी पुढची नावं घेत राहिले. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली, हनुवटीवरून शर्टावर पडली. त्यानं पुसली नाही. बाहेर लख्ख ऊन होतं, मामी भाकरी थापत होती, आणि मी नावं घेणं थांबवलं. सोंग करणारा माणूस मधूनच समोरच्याकडे बघतो, कसं जमलंय म्हणून. हा बघत नव्हता. डोळ्यांच्या फटीतून तो माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता.

विचारायचं राहिलेलं मी घाईनं विचारलं. "काल झोपलास कुठे?"

"ओसरीत. खाली." शब्द चघळल्यासारखे आले. "लाइट नव्हती."

जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी, उतरलेल्या पापण्या. प्रश्नपत्रिकेत हे एका ओळीत आलं असतं तर मी पर्यायही वाचले नसते. मण्यार साप चावलेला झोपेत कळतसुद्धा नाही, दाताची खूणही राहत नाही.

"मण्यार," मी म्हणाले.

निदान बरोबर होतं. सुश्रुत उठला नाही. उठण्याचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं.

शेजारच्या वस्तीवरच्या कानिफनाथनं टेम्पो काढला. मागे मी आणि मामा. अर्ध्या वाटेत सुश्रुतचा श्वास उथळ झाला, मग मी तोंडानं भरू लागले. "ताई, बोलत का न्हाई त्यो?" कानिफनाथ पुढून विचारत होता. "हाय ना?" उत्तर द्यायला माझं तोंड मोकळं नव्हतं.

दवाखान्यात सापाच्या विषावरचं औषध सुरू झालं, घशात नळी गेली. व्हेंटिलेटर दुसऱ्या पेशंटला लावलेला, म्हणून वॉर्डबॉय हातानं श्वासाचा रबरी फुगा दाबत होता. तिथल्या डॉक्टरांनी सुश्रुतची पापणी उचलली, बॅटरी मारली. बाहुली मोठी झालेली, उजेडानं जराही आकसली नाही. चिमटा काढला, तरी काही नाही.

"उशीर झालाय," ते मामाला हळू म्हणाले. "आता यात काही उरलेलं दिसत नाही." मामा भिंतीला टेकून खाली बसला. फुगा दाबणारा हात मंदावला.

"मण्यारीत माणूस शुद्धीवर असला तरी बाहुल्या अशाच दिसतात, सर," मी म्हणाले. "तुम्ही त्याला विचारलंय कुठे?"

ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. मी त्याच्या पायांवरची चादर काढली. पाय गार होते. मी खुर्ची ओढून समोर बसले, रोज बसते तशी.

"श्वास पुरतोय का? पुरत असेल तर अंगठा एकदा हलव. नसेल तर दोनदा."

पाय तसेच पडून होते. मग उजवा अंगठा जरासा वाकला. थांबला. पुन्हा वाकला.

वॉर्डबॉयनं दचकून फुगा भराभर दाबायला सुरुवात केली. डॉक्टर पुढे झाले. 'काही उरलेलं दिसत नाही' हे सुश्रुतनं ऐकलं होतं, मामाचं बसणं ऐकलं होतं, हात मंदावल्यावर छातीत हवा कमी पडलेली त्याला कळत होती.

"सकाळी मने म्हणालास," मी विचारलं, "तेव्हा तुला हेच सांगायचं होतं का?"

अंगठा एकदा हलला.

मला रडू फुटलं, पण मी रडत बसले नाही. त्याला स्वतःहून काहीच सांगता येणार नव्हतं. मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला.