शिणाची झोप

"आत्याबाई, हात टाका माझ्या गळ्यात. उजवा. उजवा म्हणतेय."

"न्हाय."

"न्हाय काय? पलंगावर जायचंय."

"देवी उठली न्हाय आजून," धुरपदाबाई म्हणाल्या आणि चालता असलेला तो एकुलता एक हात त्यांनी पाठीखाली दाबून धरला, पोरानं चोरलेली चिंच लपवावी तसा.

शिवकांता वाकलेली तशीच राहिली. कंबरेत कळ अडकली होती. सरळ व्हावं तर कळ सुटणार, आणि सुटताना ओरडायला लावणार.

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजापूरची देवी पलंगावर निजते, ती थेट पुनवेला उठते. महिषासुराशी झुंजून शिणलेली असते बिचारी. मोठी माणसं त्याला श्रमनिद्रा म्हणतात. येडशीच्या ह्या घरात म्हणायचे शिणाची झोप. आणि देवी पलंगावर असली की ह्या घरातलं माणूस भुईवर, हा धुरपदाबाईंच्या सासूपासून चालत आलेला नेम. लकव्यानं धुरपदाबाईंचं डावं अंग गेलं, निम्मी माणसं आठवणीतून गेली, पण नेम गेला नाही. म्हणून दसऱ्याला सून शिवकांता आणि मुलगा रामहरी, नवराबायकोनं मिळून म्हातारीला दवाखान्यातल्यासारख्या त्या पलंगावरून खाली सतरंजीवर घेतलं होतं. पुनव झाली. देवी उठली. धुरपदाबाई काही उठेनात.

पलंगाचं एक बरं असतं, आजारी माणूस आपल्या कंबरेइतकं वर येतं. भुईवरच्या माणसाचं सगळंच भुईवर. भरवायचं तर फतकल मारा, पुसायचं तर उकिडवं बसा, कूस बदलायची तर गुडघ्यांवर या. आणि शिवकांताचे गुडघे तिच्यापेक्षा दहा वर्षांनी थोरले होते.

"देवी कवाच उठली," ती म्हणाली. "कोजागिरीचं दूध झालं. दोन वाट्या पिलात की तुमी."

"आंबट हुतं ते."

"आंबट नव्हतं!"

हे ती ओरडलीच. आणि ओरडता ओरडता तिनं म्हातारीचा दडवलेला हात पाठीखालून ओढून काढला. जोरात. पाहिजे होता त्याहून जोरात. धुरपदाबाईंनी नुसतं बघितलं. दंडाच्या पातळ कातड्यावर बोटांचे ठसे आधी पांढरे, मग लाल उमटले.

शिवकांतानं खोबरेल आणून त्यावर चोळलं. ठसे काही चोळून जात नसतात. मग ती परसात गेली, धुण्याच्या दगडावर बसली आणि आपलाच हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. परकं कुत्रं घरात शिरल्यावर बघावं तसं.

गल्ली ओस होती. सगळी माणसं सोयाबीनच्या राशीला गेलेली. भिंतीपलीकडं सायराबी तेवढी तांदूळ पाखडत होती.

"काय गं, धुणं न्हाय, भांडी न्हाय, आन् नुसतीच बसलीस? तब्येत बरी हाय न्हवं?"

"सायराबी, म्या आज म्हातारीला मारलं आसतं."

सायराबीनं 'या अल्ला' केलं नाही. सूप भिंतीवर ठेवलं.

"मारलं तर न्हाय न्हवं?"

"न्हाय. हात वढला. पर लई जोरात वढला. माझ्याच हाताचं भ्या वाटाय लागलंय."

"माझी सास पडून हुती तवा म्या न्हाणीत जायची, नळ सोडायची आन् त्या आवाजात रडून घ्यायची. मंग नळाला आठ दिसांनी पाणी याय लागलं. रडायची बी पंचाईत झाली की गं."

शिवकांताला हसू फुटलं आणि हसता हसता कंबरेतली कळ सुटली. तिनं दगड घट्ट धरला.

"नणंदंला का सांगत न्हाईस?" सायराबी म्हणाली. "तुळजापूर काय दिल्ली हाय का? आठ दिस ईऊन ऱ्हा म्हणावं."

"ह्यांना म्हणले हुते."

श्रावणातच म्हटलं होतं. रामहरीचं पाण्याच्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान. जळालेल्या मोटारीचा वास त्याला गल्लीच्या तोंडाशी यायचा. घरातला काही यायचा नाही. "केशरला काय सांगू?" तो म्हणाला होता. "आई जड झाली म्हणून? लोक थुंकतील तोंडावर." आणि मग अगदी मायेनं म्हणाला, "तुझ्यावानी कोण करणार हाय? तुझी सर न्हाय कुणाला."

असल्या बोलण्यावर काय बोलायचं! नवरात्रात मंडळानं तर तिला 'आदर्श सून' म्हणून शाल दिली. भाषण चालू होतं आणि हिचं सगळं लक्ष घराकडं. आत्याबाईंची कूस बदलायची वेळ टळत होती. शाल घेऊन ती इतक्या घाईनं स्टेजवरून उतरली की लोकांना वाटलं, केवढी बाई लाजाळू! त्या शालीखाली 'थकले' ह्या शब्दाला जागाच उरली नाही.

"जा, निज घडीभर," सायराबी म्हणाली.

"कुठं निजू? खाली त्या पसरल्यात."

"आन् पलंग कशाला रिकामा ठिवलाय? लिलाव करायचाय का?"

आत येऊन शिवकांतानं वरणात भाकरी कुस्करली आणि धुरपदाबाईंना भरवली. त्या निमूट जेवल्या. कोरडं करून, कूस बदलून ती उठली आणि कंबर मोकळी करायला पलंगाच्या कडेला टेकली. दसऱ्यापासून रोज दुपारी ती अशी टेकायची आणि टेकल्याबरोबर तिचा डोळा लागायचा. दचकून जागी व्हायची, तर म्हातारी खालून टक लावून बघत असायची. आज ती टेकली नाही. सरळ पाय वर घेऊन आडवी झाली. हवेची गादी पाठीखाली हळूच फुगली, हळूच बसली. कुणीतरी आपली कूस बदलतंय, असं वाटेपर्यंत ती निजली होती.

"अगं बया बया! म्हातारी भुईला आन् सून पलंगावर!"

केशरचा आवाज. तुळजापुरात देवळाच्या वाटेवर नवऱ्यासोबत बांगड्यांचं दुकान चालवायची. गर्दीच्या दिवसांत येता आलं नव्हतं, म्हणून आता प्रसाद घेऊन आली होती. हातात हात-हातभर बांगड्या, त्या तिच्याआधी बोलायच्या.

"ह्याच्यासाठी शाल दिली व्हय गावानं? वा, वैनी!"

शिवकांतानं ताडकन उठायला पाहिजे होतं. 'आताच टेकले, केशरताई' हे तोंडात तयारही होतं. पण अंग उठलं नाही. कानाच्या पाळ्या तापल्या, आणि डोळे मिटलेलेच राहिले.

"हळू," धुरपदाबाई म्हणाल्या.

"काय हळू? तुला खाली कुणी टाकलं, आये?"

"कुणी टाकलं न्हाय. देवी निजलीया."

"देवी पुनवेला उठली! म्या सवता दर्शन घिऊन आले. गर्दीत चार बांगड्या फुटल्या माझ्या."

"तुळजापूरची उठली आसंल," धुरपदाबाई म्हणाल्या. "हितली न्हाय उठली. हळू बोल."

बांगड्या थांबल्या.

"आये," केशर खालच्या आवाजात म्हणाली, "ती वैनी हाय."

"मंग म्या काय म्हणले?"

म्हातारीचं डोकं आत्ता जाग्यावर होतं की रानोमाळ, शिवकांताला कळेना. कळून तरी काय करायचं होतं? तिनं श्वास लांबवला, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. आयुष्यात पहिल्यांदाच ती झोपेचं सोंग घेत होती, आणि चांगलं जमत होतं.

"लुगडं वलं झालंय," धुरपदाबाईंनी जाहीर केलं.

"वैनी..." केशरनं हाक मारली, ती अर्ध्यात गिळली. मग कुजबुजली, "कुठं आसतं गं तुझं सगळं?"

"मला काय इचारती? म्या आजारी हाय."

कपाट उघडलं. चुकीचं. डबा पडला. दुसरं उघडलं. शिवकांता कानांनी सगळं बघत होती.

"हात टाक गळ्यात. उजवा, आये. उजवा... आगं आई गं!"

ही कळ कुठं अडकते ते शिवकांताला ठाऊक होतं. आधी गुडघा मोडायचा, मग कूस वळवायची. केशर आधी खांदाच ओढत होती. 'गुडघा आधी' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले. तिनं दात आवळले. बराच वेळ झटापट चालली होती. धापा एकीच्या, कुरकुर दुसरीची. मग सगळं शांत झालं.

"आये, दंडावर हे काय?"

पलंगावर शिवकांताचा लांबवलेला श्वास तुटला.

"ठसं हायती."

"कुणाचं?"

"जी उचलती तिचं," धुरपदाबाई म्हणाल्या. "हे बघ, खाली तुझं बी उठलं."

केशरच्या बांगड्यांचा आवाज आला. एकेक करून उतरवत होती बहुतेक, कारण एकेक करून त्या फरशीवर टेकत होत्या. मग नुसतं पाणी, फडकं आणि धाप. तेवढंच.

"हे रोज वैनी एकटीच करती व्हय?" केशरनं मघापेक्षा निराळ्याच आवाजात विचारलं.

"कोण वैनी?" धुरपदाबाई म्हणाल्या. म्हणजे गेलं डोकं रानात.

थोड्या वेळानं परसातून फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "दादा, म्या ऱ्हाते आठ दिस. दुकान बघतील ते... न्हाय, वैनी काय बोलली न्हाय. ती कशी बोलंल? निजलीया ती. तूबी जरा लवकर घरी ईत जा... व्हय, आये जड हाय. हाय म्हणजे हाय."

जड. तो शब्द घरात मोठ्यानं उच्चारला गेला, आणि छप्पर काही पडलं नाही. खालून धुरपदाबाईंचं घोरणं सुरू झालं होतं.

आता उठायचं काही कारण नव्हतं. शिवकांतानं पदर डोळ्यांवर ओढला आणि नीट झोपायचं म्हणून कुशीवर वळली. बरं वाटेना. दुसऱ्या कुशीवर वळली. तरी काही जमेना. लग्नाआधी, पोरं लहान असताना, अगदी परवा-परवापर्यंत आपण कुठल्या कुशीवर झोपायचो, हे तिला काही केल्या आठवेना. मग ती सावकाश, घाई नसल्यासारखी, एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं वळून बघत राहिली.